नेम पक्का असूनही सातव्या लेव्हलला वीसच्या वीस जीव का संपतात?

प्रश्न थोडक्यात असा होता. नाशिकचे चौघं मित्र, दोघं सिडकोत, एक पंचवटीत, एक नाशिकरोडला. रात्री दहानंतर हेलडायव्हर्स २ हा चौघांनी मिळून लढायचा गेम खेळतात. बीजीएमआयमध्ये चौघांचाही हात बसलेला, नेम पक्का. सहाव्या लेव्हलपर्यंत ओढूनताणून निभतं, पण सातवी लावली आणि समोर ऑटोमेटन, म्हणजे रोबो आले की पंधरा-वीस मिनिटांत सगळे जीव संपतात. म्हणून विचारलंय की कोणती बंदूक घेऊ, आणि ग्राफिक्स कार्ड बदललं तर फरक पडेल का?

कार्डाचं आधी उरकतो. मारामारीच्या ऐन गर्दीतही चित्र अडखळत नसेल, तर आहे तेच कार्ड राहू द्या. ते पैसे चौघांच्या हेडफोन-माइकवर घाला. का ते पुढे येईलच. बंदुकीचं शेवटी सांगतो, कारण तुमच्या बाबतीत त्याचा नंबर शेवटचाच लागतो.

मी सातपूरला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, वय ४४. फेब्रुवारी २०२४ ला गेम आला तेव्हापासून खेळतोय, बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट करून घरी आल्यावर. आमच्या स्क्वॉडमध्ये मी, माझा भाचा, कंपनीतला एक सहकारी आणि सिन्नरचा एक जुना मित्र. आम्हीही याच सातव्या लेव्हलला दीडएक महिना अडकलो होतो आणि तेव्हा आम्हीही बंदुकाच बदलत बसलो होतो. तेव्हा हे आधीच सांगून ठेवतो की मी जे लिहितोय ते आमच्या चौघांच्या सवयींमधून आलंय. तुमच्यात एखादा फारच चपळ असेल तर त्याला काही गोष्टी लागू होणार नाहीत. शिवाय दर पॅचला, म्हणजे गेमच्या अपडेटला, शस्त्रांचं बळ वरखाली होतं, त्यामुळे अमुक गोळ्याने तमुक रोबो मरतो हे आज खरं असेल, चार महिन्यांनी नसेल. मांडणी मात्र फारशी बदलत नाही.

आता खरी अडचण. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: ‘दिसेल त्याला मारतो, तरी येतच राहतात.’ माझ्या मते दुखणं या वाक्यात आहे.

बीजीएमआयमध्ये विमानातून शंभर जण उतरतात. तुम्ही एक टिपला की नव्व्याण्णव उरले. प्रत्येक गोळीने पुढचा रस्ता थोडा मोकळा होतो, म्हणून तिथे लढणं फायद्याचं. तुमच्या हाताला हा हिशेब बसलाय. हेलडायव्हर्समध्ये शत्रूचा साठा संपत नाही. उलट तुम्ही गोळी झाडली, एखादा रोबो जिवंत राहिला, त्याने हात वर करून आकाशात लाल फ्लेअर सोडला, की अर्ध्या मिनिटात ड्रॉपशिप येऊन आणखी पंधरा-वीस उतरवून जातं. त्यांच्याशी लढता लढता दुसरी गस्त आवाजावर येते. मग तिसरी. तुम्ही जिंकत असता आणि समोरची गर्दी वाढत असते. बीजीएमआयचा चांगला खेळाडू इथे जास्त मार खातो तो यामुळेच, कारण त्याला प्रत्येक लढाई स्वीकारायची सवय असते.

आमच्या बाबतीत हे कसं उघडं पडलं ते सांगतो. एका रात्री मिशन वाईट हरलो. शेवटी आकडे दाखवतात ते भाच्याने मोठ्याने वाचले. मारलेले शत्रू: चौघांचे मिळून सहाशेच्या वर. पूर्ण केलेली कामगिरी: शून्य. सिन्नरकर म्हणाला, ‘अरे, आपल्याला चारशे मीटरवरचं टर्मिनल चालू करायचं होतं, आपण उतरलो तिथेच वीस मिनिटं लढतोय.’ त्यानंतर आम्ही एक नियम केला. गस्त दिसली की पहिलं वाक्य ‘दिसली’ हे नसेल, ‘बसा’ हे असेल. सगळ्यांनी वाकायचं किंवा आडवं व्हायचं, आणि मग एकाच माणसाने ठरवायचं की हिला जाऊ द्यायचं की मारायचं. दहातल्या सहा-सात गस्ती आपल्याला न बघता निघून जातात. आम्हाला हे कळायला दीड महिना लागला, कारण त्याआधी आम्ही एकाही गस्तीला जाऊच दिलं नव्हतं.

मारायचंच ठरलं तर अर्धवट नको. चौघांनी एकदम, दोन-तीन सेकंदांत सगळी गस्त आडवी करायची. कोणी फ्लेअरसाठी हात वर करताना दिसला तर बाकी सगळं सोडून त्याला. तरीही हाक गेलीच, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: हाक एकदा गेली की पुढची जायला मध्ये वेळ लागतो. ड्रॉपशिप येताना दिसली की बहुतेक जण तिथेच पाय रोवतात. खरं तर ती निघून जायची वेळ असते. रिकॉइललेस रायफलने इंजिनवर मारून ड्रॉपशिप पाडता येते, भाच्याचा तो आवडता उद्योग आहे, पण पडलेल्या ड्रॉपशिपखालून काही रोबो जिवंत निघतातच. पाडली म्हणून टाळ्या वाजवत उभं राहू नये.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. इथे मला थोडं मागे जावं लागेल.

२००५ साली रिपब्लिक कमांडो नावाचा एक गेम आला होता. मी तो कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत खेळलो, तासाला पैसे मोजून, आणि भारनियमनाच्या वेळा बघून. त्यात तुम्ही स्क्वॉडचे म्होरके आणि बाकीचे तिघं कॉम्प्युटर चालवायचा. एक बटण दाबलं की हुकूम: या जागेवरून स्नायपिंग कर, या दारावर स्फोटकं लाव, जमिनीवर पडलेल्याला उठव. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, ज्या जागी माणूस उभा करायचा तिथे एक चमकणारी आकृती दिसायची. इथे एक उभा राहू शकतो, तिथे एक. गेम जणू शिकवायचा की खोलीत शिरण्याआधी बंदुकीकडे बघू नकोस, जागांकडे बघ. तिघंही मुकाट्याने ऐकायचे, त्यामुळे मांडणी चुकली तर चूक माझी, हे लगेच कळायचं.

हेलडायव्हर्समध्ये त्या आकृत्या नाहीत आणि तिघं ऐकणारेही नाहीत. तरी जागा असतातच. रोबोंच्या तळावर जायचं असेल तर कुठल्या तरी टेकाडावरून रोबो बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचं धुराडं दिसतं, कुठल्या तरी दगडामागून तळाचं दार दिसतं, आणि एखादी बाजू अशी असते जिथून मागून कोणी येऊ शकतं. ज्यांनी हरिहर गड चढलाय त्यांना कळेल. त्या उभ्या पायऱ्यांवर चौघं एका ओळीत असतात आणि वरचा थांबला की सगळे थांबतात. तुम्ही तळावर असेच जाता, हे मी पैजेवर सांगतो. चौघं एका ओळीत, एकाच दगडामागे, आणि रॉकेट डेव्हास्टेटर नावाचा एक रोबो चौघांना उडवतो.

आमची रोबोंसमोरची वाटणी अशी आहे. सहकारी ऑटोकॅनन घेतो. तो कायम सगळ्यांत मागे आणि उंचावर. लांबून फॅब्रिकेटरच्या धुराड्यात गोळे टाकणं, डेव्हास्टेटर टिपणं, हल्क हा धिप्पाड रोबो समोरून आला तर त्याच्या चेहऱ्यावरच्या लाल फटीत मारणं, हे त्याचं काम. भाचा रिकॉइललेस घेऊन. तो फक्त मोठ्या धुडांना हात लावतो: टँक, हल्क, फॅक्टरी स्ट्रायडर. पायदळ अंगावर आलं तरी त्याने रॉकेट वाया घालवायचं नाही, हे त्याला समजावताना माझी दोन महिन्यांची शक्ती गेली. सिन्नरकर मशिनगन आणि पाठीवर सप्लाय पॅक. छोट्यांची गर्दी आवरायची आणि दोघा जड शस्त्रवाल्यांना गोळ्या पुरवायच्या. आणि मी कामगिरीवाला. टर्मिनलवर बटणं दाबणं, बॉम्ब मागवणं, नकाशा बघणं, कोणती गस्त सोडायची ते ठरवणं. माझे शत्रू मारल्याचे आकडे नेहमी सगळ्यांत कमी असतात. सुरुवातीला टोचायचं.

तुम्ही हीच वाटणी घ्या असं मुळीच नाही. चौघांपैकी दोघंच नियमित येत असतील तर हिचा उपयोगही नाही. पण आत्ता तुमच्या चौघांचं सामान तुम्ही लिहिलंय ते बघा: तिघांकडे मशिनगन, एकाकडे स्नायपर रायफल. टँक आला तर तुमच्यात त्याला मारणारा कोणीच नाही. एअरस्ट्राइकची वाट बघत पळत राहता आणि त्या पळण्यात सहा जीव जातात. उतरण्याआधी सामान निवडायच्या स्क्रीनवर बाकीच्यांनी काय घेतलंय ते दिसतं. दोन प्रश्न विचारा: चिलखतवाल्याला कोण मारणार, आणि गर्दी कोण आवरणार? दोन्हींची उत्तरं नावानिशी मिळेपर्यंत तयार असल्याचं बटण दाबू नका.

रिकॉइललेसबद्दल एक गंमत. तिचे गोळे पाठीवरच्या पिशवीत असतात आणि एकट्याने भरायला वेळ लागतो, शिवाय जागेवर थांबावं लागतं. पण पिशवी दुसऱ्याच्या पाठीवर दिली आणि तो शेजारी उभा राहून भरत गेला, तर गोळे धडाधड सुटतात. बहुतेक लोक हे करत नाहीत, कारण दोघं दुरावले की एकाकडे रिकामी नळी आणि दुसऱ्याकडे बिनकामाचे गोळे. आम्हीही रोज करत नाही. पण मिशनच्या शेवटी परत न्यायला येणाऱ्या शटलची वाट बघताना, जिथे दोन मिनिटं एका जागी उभं राहायचंच असतं, तिथे करून बघा.

आता स्ट्रॅटेजेम, म्हणजे बाणांचा कोड दाबून आणि खुणेचा चेंडू फेकून वरून मागवायचा मारा. तुम्ही लिहिलंय की निम्मे मृत्यू आपल्याच माऱ्यात होतात, तर ‘फ्रेंडली फायर’ बंद कसं करायचं? ते बंद होत नाही. या गेमचा तो पायाच आहे. आपली गोळी, आपला बॉम्ब, आपली स्वयंचलित सेंट्री, सगळं आपल्यालाही लागतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी असल्यामुळे आपल्याकडे असे काका गल्लोगल्ली सापडतात. एका रविवारी ते चहाला आले आणि भाचा खेळत होता. त्याने कामगिरीच्या जागेवर ३८० मिलिमीटरच्या तोफगोळ्यांचा बॅराज टाकला, आणि आम्ही तिघं तिथेच होतो. चौघंही गेले, तो स्वतःसुद्धा. काका आधी हसले. आमच्या बोफोर्स १५५च्या, म्हणाले, आणि ही ३८०, आणि पोराने ती दोनशे पावलांवर मागवली! मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, कारण त्यानंतर आमचे आपसातले मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

ते म्हणाले, तोफेवरच्या माणसाला लक्ष्य दिसत नाही. लक्ष्य दिसतं पुढे बसलेल्या निरीक्षकाला. म्हणून सगळा खेळ निरीक्षकाच्या तोंडावर चालतो, आणि निरीक्षकाला पहिली माहिती शत्रूची नको असते, आपली माणसं कुठे आहेत याची हवी असते. दुसरं, तोफगोळा एका टिंबावर पडत नाही. तो एका पट्ट्यात पडतो. पट्टा कुठल्या दिशेने लांब आहे हे माहीत नसेल तर मागवू नका.

हे गेमला तंतोतंत लागू आहे. ३८०चा बॅराज विखुरतो, चेंडूच्या जागी दिसणाऱ्या लाल खांबाच्या जवळ पडेल असं समजणं म्हणजे जुगार. तो आपलं कोणी नसलेल्या मोठ्या तळासाठी, लांबून, आणि टाकल्यावर पाठ फिरवून पळण्यासाठी. ईगल या आपल्या विमानाच्या एअरस्ट्राइकमधल्या बॉम्बची रांग फेकणाऱ्याच्या समोर आडवी पडते. म्हणजे फेकणाऱ्याच्या मागे असलेला वाचतो, लक्ष्याच्या डाव्या-उजव्या बाजूला शत्रूशी झुंजणारा मरतो. हे कळल्यावर आम्ही ठरवलं की मारा मागवणाऱ्याने चेंडू हातात घेतल्यावर, फेकण्याआधी, तीन शब्द बोलायचे: काय, कुठे, आणि मागे. ‘एअरस्ट्राइक, दार, मागे या.’ उत्तर आलं नाही तर नाव घेऊन विचारायचं. चेंडू हातात धरून दोन सेकंद थांबता येतं, कोणी हिसकावून नेत नाही.

ईगलबद्दल आणखी एक. तिचे फेरे संपायची वाट न बघता तिला मध्येच परत पाठवून दारूगोळा भरून घेता येतो. एका तळावरून दुसऱ्या तळाकडे चालताना ते करून टाका. लढाईच्या मध्यात ईगल रिकामी निघणं ही निव्वळ आळसाची किंमत आहे.

आणि बाणांचे कोड बघून बघून मारत असाल तर तो वेळ वाचवा. आम्ही पाठांतर ढोलाच्या ठेक्यावर केलं. भाचा पथकात ताशा वाजवतो, त्याला ही कल्पना सुचली. मेलेल्याला परत बोलवायचा कोड: वर, खाली, उजवी, डावी, वर. गोळ्यांचा साठा: खाली, खाली, वर, उजवी. टेबलावर बोटांनी चार दिवस वाजवलं की डोळ्यांना तिकडे बघावंच लागत नाही. साठ्याच्या पेटीत चार भाग असतात, माणशी एक. मेलेल्या मित्राचा भाग उचलणाऱ्याला आमच्यात पुढच्या रविवारी मिसळीचं बिल द्यावं लागतं.

आता वीस जीव. चौघांना मिळून माणशी पाचच्या हिशेबाने वीस मिळतात, पण ते सामायिक खात्यात असतात. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की पहिले सात-आठ मृत्यू लढाईत होतात आणि उरलेले बारा एका विशिष्ट चुकीमुळे. ती अशी. एक जण मेला. त्याचं जड शस्त्र तिथेच पडलं. मित्राने घाईघाईत, जिथे उभा आहे तिथेच, म्हणजे गोळीबाराच्या मध्यावर, परत बोलवायचा चेंडू टाकला. हा वरून आला तेव्हा हातात फक्त साधी बंदूक. तो आपलं शस्त्र घ्यायला धावला, मेला. पुन्हा बोलावला, पुन्हा धावला, पुन्हा मेला. तेवढ्यात बोलावणाराही मेला. दोन मिनिटांत पाच जीव, आणि शस्त्र अजून तिथेच.

आमच्याकडे यावर दोन बंधनं आहेत. चेंडू नेहमी मागे फेकायचा, शक्य तितका लांब, जिथे शत्रूच्या आणि आपल्या मध्ये काहीतरी आडोसा असेल. आणि परत आलेल्याने पहिल्यांदा जिवंत राहायचं. शस्त्र थोड्या वेळाने पुन्हा मागवता येतं, त्याचा कूलडाउन संपेपर्यंत थांबायचं. पडलेलं सामान आणायला जायचं तर सगळ्यांनी मिळून जायचं किंवा कोणीच नाही. वरून येताना तुम्ही स्वतःची कुपी थोडी इकडेतिकडे वळवू शकता. ती हल्कच्या डोक्यावर आपटून त्याला मारता येतं आणि ते दिसायला फार भारी दिसतं. पण त्यानंतर तुम्ही हल्कच्या दोस्तांच्या घोळक्यात एकटे उभे असता. भाच्याने हे चार वेळा केलंय. त्यातल्या तीन वेळा पुढच्या दहा सेकंदांत मला पुन्हा चेंडू फेकावा लागला.

सगळे विखुरले आणि जीव पाच-सहाच उरले, तर कामगिरी सोडून सगळ्यांनी एका जागी जमा व्हायचं, नकाशावर खूण करून. मी नाही म्हणणाऱ्याचंही ऐकतो, पण या बाबतीत नाही.

माइकचं म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंय, ‘आम्ही बोलतो की सतत.’ मला शंका आहे की तुम्ही ओरडता. ‘अरे डावीकडे, डावीकडे!’ कोणाच्या डावीकडे? चौघं चार दिशांना तोंड करून उभे आहेत. स्क्रीनवर होकायंत्राचे अंश दिसतात, ते वापरा. ‘दोनशे सत्तरला टँक.’ एवढंच. तेही जमत नसेल तर न बोलता पिंग मारा, सगळ्यांना खूण दिसते.

नावं मात्र आपली ठेवा, त्याने फार पटकन कळतं. हल्कच्या पाठीत गरम हवा सोडायची जागा असते आणि तीच त्याची नाजूक बाजू, म्हणून तो आमचा ‘भट्टीवाला’. रोबोंऐवजी किडे समोर असतात तेव्हा त्यांच्यातला चार्जर म्हणजे ‘बैल’. आणि जिथून शटल निघतं त्या जागेला आम्ही नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून ‘सीबीएस’ म्हणतो, कारण कुठूनही कुठेही जायचं असलं तरी शेवटी सगळे तिथेच उभे. एका रात्री एक परदेशी मुलगा आमच्यात येऊन पडला होता. तासाभराने तोही ‘सीबीएस, सीबीएस’ करायला लागला.

बोलण्यातली दुसरी बाजू म्हणजे गप्प राहणं. मेलेल्याने बोलायचं नाही. आपण कसे मेलो, कोणामुळे मेलो, गेम कसा अन्यायी आहे, हे नंतर. मेलेल्याचं काम एकच: ज्याच्या नजरेतून बघतोय त्याच्या मागून कोणी येतंय का ते सांगणं. सिन्नरकर हे इतकं छान करतो की तो मेलेला असताना आम्ही जास्त सुरक्षित असतो.

सातव्या लेव्हलला रोबोंसमोर एक गोष्ट तुम्हाला नक्की छळत असणार: जॅमर टॉवर. त्याच्या परिसरात वरून काहीच मागवता येत नाही. बाण दाबून बघता, काही होत नाही, आणि मग घबराट. नकाशावर जॅमर दिसला आणि तुमची कामगिरी त्याच्या छायेत असेल, तर आधी जॅमर. बऱ्याचदा त्याला लागूनच एक फॅब्रिकेटर असतो आणि तो फोडला की टॉवरही जातो. तिथे ऑटोकॅननवाला लांबून एकटा काम करतो आणि बाकीचे तिघं फक्त त्याच्याकडे कोणी जाणार नाही एवढं बघतात. तसं नसेल तर आत शिरून टर्मिनलवर जॅमर बंद करायचा आणि मग हेलबॉम्ब, म्हणजे वरून मागवलेला मोठा बॉम्ब, लावायचा. आत जाणारा एकच असावा. चौघं आत गेले की हरिहरच्या पायऱ्या पुन्हा सुरू.

किड्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी दोन ओळी. तिथे आडोशाचा उपयोग कमी, कारण ते अंगावर येतात. चालत राहणं आणि पाठ मोकळी ठेवणं जास्त महत्त्वाचं. स्टॉकर नावाचा किडा एकदा दिसला तर तो पुन्हा पुन्हा येत राहणार. त्याचं बीळ शोधून बंद करेपर्यंत दुसरं काही करू नका. २०२४च्या डिसेंबरात आलेल्या इल्युमिनेट या तिसऱ्या शत्रूबद्दल मी वेगळं कधीतरी लिहीन, त्यांच्याशी आमचंच अजून नीट जमलेलं नाही.

आता बंदूक. रोबोंसमोर, मध्यम चिलखत भेदणारी आणि दुरूनही स्थिर राहणारी कुठलीही चालेल. जी हातात बसते ती घ्या आणि महिनाभर बदलू नका. एक सवय मात्र मोडा: बीजीएमआयमध्ये दोन गोळ्या झाडल्या की रीलोड करायची खोड लागते. इथे मॅगझिन अर्धी असताना बदललीत तर उरलेल्या गोळ्या मॅगझिनसकट जातात. तुमच्या गोळ्या लवकर संपतात याचं मला दिसणारं सरळ कारण हेच. मोजून झाडा, किंवा मोजता येत नसेल तर मॅगझिन रिकामी होऊ द्या.

तालमीसाठी एक सुचवतो, आम्ही हेच केलं होतं. तीन रात्री पाचव्या लेव्हलला परत जा. हो, कमीपणा वाटतो. तिथे पहिल्या रात्री ठरवा की कामगिरीच्या जागेखेरीज कुठेही गोळी झाडायची नाही. गस्त आली की आडवं व्हायचं. दुसऱ्या रात्री प्रत्येकाने दुसऱ्याचं सामान घ्या, म्हणजे रिकॉइललेसवाल्याला कळेल की गर्दी आवरणं काय असतं. तिसऱ्या रात्री एकच जण बोलेल, बाकीचे फक्त उत्तरं देतील. कोण बोलेल यावर भांडण होणार. आमच्यातही झालं होतं. सगळ्यांत चांगला नेमबाज नको एवढंच सांगतो, कारण त्याचं लक्ष कायम दुर्बिणीत असतं. तुमच्यात नकाशा सगळ्यांत जास्त वेळा कोण उघडतो ते बघा.

आणि मेहरबानी करून रात्री साडेबारानंतर ‘एक शेवटचं’ म्हणून सातवी लावू नका. आमच्या सगळ्यांत लाजिरवाण्या हारी साडेबारा ते दीडमधल्या आहेत.

पुन्हा सातवी लावलीत की एका कागदावर वीस रेघा मारा. प्रत्येक मृत्यूसमोर तीनच गोष्टी लिहा: कोण, कशाने, आणि त्या क्षणी सगळ्यांत जवळचा मित्र किती लांब होता. तो कागद इथे टाका. मग लोडआउटवर, म्हणजे सामानावर, बोलू.